जबाबापुरता वकील

आलेल्या माणसाला बस म्हणावं, एवढीसुद्धा रीत वकिलाला नव्हती. म्हातारी आणि तिची सून टेबलासमोर ताटकळत उभ्या, आणि हा पठ्ठ्या पंख्याखाली फोनवर खिदळतोय. शेवटी म्हातारीनेच खुर्ची ओढली, सुनेलाही दटावून बसवलं.

सकाळी कोर्टाचा बेलीफ येऊन त्यांच्या इस्त्रीच्या दुकानाला कुलूप ठोकून गेला होता. जागेचा दावा मालक जिंकला म्हणे. नवऱ्यामागे म्हातारीने याच दुकानावर पोरं वाढवली. आजवर कुणाचा रुमाल हरवला नव्हता तिच्याकडून. आज अख्ख्या गल्लीचे कपडे आत कोंडले गेले, आणि गिऱ्हाइकं तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

फोन ठेवून वकिलाने शांतपणे समजावलं. त्यांनी त्याच्याकडून दाव्याला फक्त जबाब लिहून घेतला होता. कोर्टात उभं राहणं त्याच्याकडे नव्हतंच. तारखेला त्यांनी स्वतः यायचं, त्या आल्या नाहीत, निकाल एकतर्फी लागला. तसं कागदावर लिहिलंय, खाली सहीही आहे.

सही होती. "इथे करा" म्हणाला, तिथे केली होती. म्हातारीला एवढंच ठाऊक, की दाई बोलावली की बाळंतपण उरकूनच जाते. नाळ कापायला दुसरी बाई शोधावी लागत नाही.

तारखेचं आम्हाला कोण सांगणार होतं, असं सुनेने विचारलं. ते वेगळं काम, तो म्हणाला. आता निकाल फिरवायला अर्ज करता येईल, पण तेही वेगळंच.

"त्या दिवशी आमच्या नावाचा पुकारा झाला?" म्हातारीने विचारलं.

"झाला की, तीनदा. मी होतो ना तिथे, दुसऱ्या केससाठी."

तो सहज बोलून गेला. म्हातारी खुर्चीत पुढे सरकली.

"मग जज्जसाहेबांना सांगायचं, बाई साधी आहे, निरोप धाडतो, जरा थांबा."

"आजी, तिथे मी तुमचा वकील नव्हतो."

म्हातारी उठली. टेबलावरचे आपले कागद गोळा करून तिने सुनेच्या पिशवीत कोंबले. आत येताना ती त्याला साहेब म्हणाली होती.

"लिहिण्यापुरता होतास, कबूल. पण तोंड शिवून बसायचं काम तुला कुणी दिलं होतं रे? ओळखीचं नाव ऐकलं तर चोरसुद्धा मान वर करतो. तू तेवढाही नाहीस."