सायकल शिपायाचं प्रात्यक्षिक

"वीस वर्सं झाली साहेब. या सायकलीनं मला एकडाव जरी खाली टाकलं असंल, तर ही टोपी काढून देतो," संगप्पा म्हणाला. मग ऐटीत डावा पाय पायडलवर ठेवला, जमिनीला दोन रेटे दिले, टांग टाकली, आणि धोतराचा सोगा चेनमध्ये गेल्यामुळं सायकलीसकट साहेबांच्या बुटांवर येऊन आडवा झाला.

तलावाच्या कामावरच्या तीनशे माणसांनी टिकाव-खोरी खाली ठेवली. करमणूक सकाळी दहालाच सुरू होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"ही धरायची न्हाई," संगप्पा बसल्या बसल्या सोगा सोडवत म्हणाला. "ही पडली तवा अजून सुरू झाली नव्हती."

"टोपी दे मग!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

संगप्पानं टोपी आणखी खाली ओढली. टोपी खाकी होती, सरकारी होती, आणि तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

त्या साली दुष्काळ जुना होता आणि जिल्हा नवा. लातूर वेगळं होऊन वर्ष व्हायचं होतं. शिरूर अनंतपाळच्या ऑफिसच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' विटकरीनं घासून त्यावर 'लातूर' रंगवलं होतं. उन्हं कलली की खालचं उस्मानाबाद हळूच वर यायचं. वाटणी भावाभावांत होते तशीच झाली होती. कपाटं इकडं आली, किल्ल्या तिकडं राहिल्या. जीप मात्र नवी कोरी मिळाली. आणि या उलथापालथीत 'सायकल शिपाई' नावाचं एक पद कुठल्याच यादीत सापडेना. ते पद म्हणजे संगप्पा.

त्याचं काम साधं होतं. दर शनिवारी कामावरचे हजेरीपट आणि मापवही खाकी पिशवीत घालायची आणि शिरूरला पोचवायची. नव्या पाझर तलावाच्या बांधानं जुना रस्ता मधोमध कापला होता, त्यामुळं गाडीला एकवीस किलोमीटरचा वळसा पडायचा. संगप्पा तलावाच्या पोटातून सरळ सहा किलोमीटरमध्ये जायचा. पण ते पोट म्हणजे तीनशे माणसांनी खणलेले खड्डे आणि उपसलेले ढीग. आधी आधी तो सायकल खांद्यावर घेऊन चढउतार करायचा. एकदा एका ढिगावरून सायकल सुटली ती थांबेचना. खड्ड्यावरून उडाली आणि पलीकडं संगप्पासकट उभी राहिली. तेव्हा त्याला कळलं की यात वेळ लई वाचतो. त्या दिवशी त्यानं ब्रेक काढून टाकले. मध्येच ब्रेक लागला तर माणूस खड्ड्यात जातो, असं त्याचं शास्त्र होतं.

नवे उपअभियंता रेणुकादास पांगरेकर नांदेडचे, बत्तीस वर्षांचे, आणि कामाला एवढे हपापलेले की मजुरांना त्यांची काळजी वाटायची. त्यांनी येताच यादी तपासली आणि म्हणाले, "जीप असताना सायकल कशाला? संगप्पा, सोमवारपासून तुम्ही मातीची पाटी उचलायला हजर व्हा."

पाटी उचलायला संगप्पाची ना नव्हती. पण माणूस कमी होता तो एकाच टोळीत, आणि त्या टोळीची मुख्य होती रत्नम्मा. रत्नम्मा म्हणजे त्याची बायको.

"सोमवारपासून मी तुमची साहेब," ती रात्री भाकर वाढताना म्हणाली. "येळेवर या. उशीर झाल्यावर मी कुणाची हजेरी मांडत नसते."

संगप्पानं भाकर परत ताटात ठेवली. सहा गावांत त्याला 'टोपीवाले आप्पा' म्हणायचे. आता बायकोच्या पुढं डोक्यावर पाटी घेऊन उभं राहायचं? तो सकाळी उठून साहेबांकडं गेला आणि म्हणाला, "तुमची जीप पोचायच्या आत मी पोचून, च्या पिऊन, परत निघालेला असतो. बघायचं का?"

साहेबांना बघायची फार हौस. त्यांनी लगेच एक ऑर्डर टाइप करून घेतली: 'प्रात्यक्षिकान्ती सायकल शिपाई पदाची आवश्यकता सिद्ध झाली आहे.' फक्त सही राहिली होती. आणि प्रात्यक्षिक.

तर संगप्पा सोगा सोडवून, धोतराला सुतळी बांधून दुसऱ्यांदा सायकलवर बसला. मुकादम शिवमूर्ती टेप आणि मापवही घेऊन पहिल्या ढिगाशी उभा राहिला. साहेबांनी शिट्टी फुंकली.

सायकल ढिगावर चढली. माथ्यावर येताच संगप्पानं डावा हात हँडलवरून काढला आणि छातीवर दाबून धरला. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. उडी मारताना ती वर उसळून हनुवटीवर आपटायची, आणि दोरा तुटून लिंग पडलं असतं तर संगप्पाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून दर उडीला डावा हात डबीवर आणि उजवा हँडलवर. सायकल हवेत गेली. टोपी उडाली, पिशवी उडाली, हजेरीपट फडफडला, बाया 'अय्यो, अय्यो' करून किंचाळल्या, आणि चाकं पलीकडं जिथं नेहमी टेकतात तिथंच टेकली.

टेकली ती रुतली. सायकल जागच्या जागी उभी राहिली, पण संगप्पा तसाच पुढं गेला आणि आठ-दहा हातांवर जाऊन पालथा पडला.

"कोन्या गाढवानं इथली माती भुसभुशीत केली?" तो तोंडातली माती थुंकत ओरडला.

रत्नम्मा आभाळाकडं बघायला लागली. पहाटे अंधारातच येऊन, चार बायांना हाताशी धरून तिनं तिथं वीतभर चाळलेली माती पसरली होती. पडला तर लागू नये म्हणून.

"माझ्याकडं काय बघताय?" ती फणकारली. "माणूस मोडला तर माझ्या टोळीत पाटी कोन उचलंल?"

शिवमूर्तीनं टेप लावला. "साहेब, लांबी अकरा फूट. पन वहीत रुंदी आन खोली बी भरावी लागती. रकाना मोकळा सोडला तर ऑडिटवाले सोडत न्हाईत."

"रुंदी सायकलीची घ्या," साहेब म्हणाले. "खोली खड्ड्याची."

शिवमूर्तीनं गुणाकार केला. संगप्पानं पहिल्या उडीत पावणेदोन घनमीटर काम केलं असं निघालं. टाळ्या पडल्या. साहेबांनी अंगातला कोट काढून जीपचा ड्रायव्हर मडिवाळप्पा याच्याकडं दिला. गर्दी वाढत चालली होती; शेजारच्या गावातले लोक बैलगाडी घेऊन आले होते.

दुसरी उडी मोठ्या खड्ड्याची. खड्डा किती खोल खणला ते मोजता यावं म्हणून मजूर मधोमध मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवतात. जेवढा खुंट उंच, तेवढं आठवड्याचं काम. संगप्पा या खड्ड्यावरून वीसेक वेळा गेला होता, पण तेव्हा कडेनं. आज तीनशे माणसं बघत होती, म्हणून तो मधून गेला.

उडी झकास बसली. मागचं चाक तेवढं खुंटाच्या डोक्याला लागलं. खुंट ढासळला.

"आरं आमचा खुंट!" टोळीतल्या बाया पदर खोचून धावल्या. "सा दिस खणलं आमी! आता माप कशाचं घ्यायचं? तुझ्या डोस्क्याचं?"

शिवमूर्तीनं संगप्पाकडं वरून खाली बघितलं. "घेता येतंय की," तो म्हणाला. "आप्पा, उतर खाली."

संगप्पाला खड्ड्यात खुंटाच्या जागी उभं केलं. डोकं काठाच्या चार बोटं खाली राहिलं. टोपी घातल्यावर बरोबर काठाला आलं. टोपीसकट मोजायचं की टोपीशिवाय, यावर दोन्ही बाजूंनी पंधरा मिनिटं भांडण झालं. शेवटी टोपी सरकारी आहे म्हणून ती धरावी, असा साहेबांनी निकाल दिला. बायांनी साहेबांच्या नावानं आरोळी ठोकली. साहेब लाल झाले. असं सुख त्यांना ऑफिसात कधी मिळालं नव्हतं.

"आता शेवटचं!" ते ओरडले. "बांध!"

बांधाचा माथा दहा फूट उंच. खाली उतरायला मुरमाच्या तीन पायऱ्या, प्रत्येक कमरेएवढी, आणि त्यापुढं तलावाचा भेगाळलेला, सपाट, कोरडा तळ. माथ्यावर संगप्पा सायकल धरून उभा राहिला. इथून तो शनिवारी काम सुटल्यावर एकटाच उडायचा. बघायला एखादं चुकार शेरडू असायचं. आज खाली सगळी रांगच रांग होती, आणि रांगेत मधोमध रत्नम्मा दातांत पदर धरून उभी होती. ती हसत नव्हती. तिनं हे कधी बघितलंच नव्हतं.

"आवो!" तिनं ओरडून सांगितलं. "न्हाई जमलं तरी चालतंय! मी हजेरी मांडते तुमची!"

हे ऐकल्यावर माघारी येणं शक्यच नव्हतं. संगप्पानं डावा हात छातीवर ठेवला आणि सायकल सोडली.

पहिली पायरी धाडकन. दुसरी धाडकन. तिसरीवर सायकल अशी काही उचलली गेली की तीनशे माणसांच्या माना एकदम वर झाल्या. क्षणभर संगप्पा निळ्या आभाळात होता, धोतर फुगलेलं, टोपी जागच्या जागी, आणि तोंडावर असा भाव की आपण बसस्टँडवर उभे आहोत. मग दोन्ही चाकं एकदम तळावर टेकली, आणि सायकल सरळ रेषेत, धुळीचा लोट उडवत शंभर पावलं गेली. संगप्पानं चपलेचा तळवा पुढच्या टायरला लावला. चपलेतून धूर निघाला. सायकल थांबली. तो उतरला, स्टँड लावला आणि पिशवी नीट केली.

मग जो गलका उठला! बायांनी पाट्या वाजवल्या. बैलगाडीचा एक बैल बुजून गाडीसकट गावाकडं निघाला आणि त्याच्या मागं मालक धावला. कुणीतरी संगप्पाला खांद्यावर घेतलं. रत्नम्मा पदरानं तोंड पुसत म्हणाली, "लई शहाणे हायत. चप्पल जाळली ना?"

"सिद्ध झालं!" साहेब ओरडत होते. "आवश्यकता सिद्ध झाली! मडिवाळप्पा, कोटातली ऑर्डर काढा! पेन काढा!"

मडिवाळप्पानं जीपच्या टपावर कागद पसरला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. काढलं, आणि पुन्हा लावलं. त्यांचे डोळे बांधाच्या माथ्याकडं गेले होते.

"एक मिनिट," ते म्हणाले. "आणा ती सायकल इकडे."

"साहेब, नगं," मडिवाळप्पा म्हणाला.

"अहो, नांदेडला गोदावरीच्या घाटावरून उतरवलीय मी सायकल. पायऱ्यांवरून!"

"आदी सही करा साहेब," संगप्पा हात जोडून म्हणाला. "मग पायजे तेवढं उडा."

"आलोच!"

साहेब सायकल ढकलत बांधावर चढले. कमरेचा पट्टा आवळला, खाली बघून हात हलवला आणि डावा हात छातीवर ठेवला.

"साहेब!" संगप्पा बांधाकडं पळत सुटला. "ते तसं नसतंय! माझ्या गळ्यात लिंग हाय, म्हनून मी धरतो! तुमी दोनी हातानं धरा!"

"निरीक्षण केलंय मी!" साहेबांनी वरून सांगितलं. "सगळं मर्म त्या डाव्या हातात आहे!"

पहिल्या पायरीपर्यंत मर्म टिकलं. दुसऱ्या पायरीवर सायकल उजवीकडं गेली आणि साहेब डावीकडं. तरी छातीवरचा हात त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, त्यामुळं खाली टेकवायला उजवाच मोकळा होता. तो टेकवला.

कट् असा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

साहेबांना जीपमध्ये घातलं. मडिवाळप्पा एकवीस किलोमीटरच्या वळशानं निघाला. संगप्पानं सायकलीचं हँडल गुडघ्यांत धरून सरळ केलं, ऑर्डरचा कागद पिशवीत टाकला आणि तलावाच्या पोटात शिरला. त्या दिवशी तो ढीग बघत नव्हता, खड्डे बघत नव्हता. नुसता जात होता. शिरूरला पोचला तेव्हा डॉक्टर जेवून आडवे झाले होते. त्यांना उठवलं, कंपाउंडरला बोलावलं, प्लास्टर भिजवायला शेजारच्या घरातून मिनतवारीनं घागरभर पाणी आणलं, समोरच्या हॉटेलात एक चहा प्याला, आणि दवाखान्याच्या पायरीवर टोपी घालून उभा राहिला. जीप त्यानंतर आली.

साहेबांनी खिडकीतून त्याला बघितलं. दुखत होतं तरी म्हणाले, "संगप्पा, आता मात्र खरंच सिद्ध झालं."

"हाव साहेब. मग ते सहीचं?"

डॉक्टरांनी उजव्या हाताला बोटांच्या पेरांपासून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं.

"डाव्या हाताचा अंगठा चालतंय का, साहेब?"

"राजपत्रित अधिकारी अंगठा लावत नसतो," साहेब खिन्नपणे म्हणाले.

सोमवारी संगप्पा रत्नम्माच्या टोळीत वेळेवर हजर झाला. टोपी त्यानं काढली नाही. तिच्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर पाटी. रत्नम्मानं त्याचं नाव हजेरीत सगळ्यात वर सांगितलं. सहा आठवड्यांनी साहेबांचं प्लास्टर निघणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी त्यांची बदली बिलोलीला झाली. जाताना ते निरोप ठेवून गेले, की कागद घेऊन बिलोलीला या, मागची तारीख टाकून सही देतो.

रत्नम्मानं चार भाकरी बांधून दिल्या आणि दोन दिवसांची हजेरी मांडली. संगप्पा उजाडताच सायकलवर निघाला. उदगीरपर्यंत काहीच झालं नाही. देगलूरच्या अलीकडं चेन तुटली. संगप्पानं टोपी सारखी केली, सायकल खांद्यावर घेतली आणि बिलोलीकडं चालू लागला.