उत्तर आल्याशिवाय

एकटीने बाइकवरून डोंगर ओलांडून वाळवंटात जायचं, हे तिने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि तिथेच फसली. दुसऱ्या दिवशी कोणी गॉगल आणून दिला, कोणी पाण्याची पिशवी, आणि एरवी अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी चार प्रश्न विचारणाऱ्या साहेबांनी तिची रजा न मागताच मंजूर केली. एवढं कौतुक झाल्यावर माघार घ्यायची ती कुठल्या तोंडाने?

तिचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. अंधार, उंची, लोंबणाऱ्या तारा, यांतल्या कशालाच ती भीत नसे, त्यामुळे ही बाई कशालाच भीत नाही असा सगळ्यांचा समज होता. खरी गोष्ट अशी, की त्या कामात माणूस कधी एकटा नसतो. ती वर मशीनच्या खोलीत असायची आणि मामा खाली लिफ्टच्या टपावर. मामा म्हणजे तिचे सख्खे मामा नव्हेत, तिचे कामातले जोडीदार. सगळेच त्यांना मामा म्हणायचे. अडकलेली लिफ्ट हलवायला तिचा ब्रेक हाताने सोडायची वेळ आली की ती वरून ओरडायची, "सोडतेय!" मामा खाली स्वतःचे हात, पाय, हत्यारं नीट बघून घ्यायचे आणि मग ओरडायचे, "सोड!" उत्तर आल्याशिवाय ब्रेकच्या दांड्याला हात लावायचा नाही, मग खाली सगळी इमारत खोळंबून का राहीना. इतक्या वर्षांत हा नियम तिच्या अंगात मुरला होता.

संध्याकाळी घरी आली की ती पलंगावर नकाशा पसरायची. आधी सपाट रस्ता, मग डोंगर, वळणांमागून वळणं, शेवटी खिंड, आणि खिंड उतरलं की वाळवंट. त्या भागाचे फोटो तिने खूप पाहिले होते. सोनेरी वाळू, निळंशार आकाश, बाइकची लांबच लांब सावली. फोटोत सगळं सुंदरच दिसतं. काढणारा जिवंत परत आलेला असतो ना! नकाशावर मात्र दोन पेट्रोल पंपांच्या मधे एक सरळ रेघ होती आणि त्या रेघेच्या आजूबाजूला काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथे फोन लागत नाही, असं तिने वाचलं होतं. तिचं बोट दर वेळी त्या रेघेवर येऊन थांबायचं. तिथे पडले तर? तिथे ओरडले तर?

पलीकडच्या खोलीत आई शिवत बसलेली असायची. दुकानाचे कपडे घरी आणून ती पॅंट आखूड करून द्यायची, चेन बदलून द्यायची. प्रवासाचं ऐकल्यापासून तिने लेकीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. दूध संपलंय, गॅस बंद कर, बस्स. बाकीचं सगळं ती मशीनच्या तोंडून बोलायची. लेकीने नकाशा उघडला की पायडल असं काही दणाणायचं, की खालच्या मजल्यावरच्या लोकांनी छताकडे बघावं.

रविवारी सगळं सामान बाइकवर बांधून ती सराव म्हणून गावाबाहेरच्या घाटात गेली. वर चढताना एका वळणावर खाली दरी उघडली. दरी खरंच सुंदर होती आणि खरंच खोल होती. ती थांबली, श्वास घेतला, ब्रेक घट्ट धरला, आणि पुन्हा निघताना, कशी कोण जाणे, मोठ्याने ओरडली, "सोडतेय!"

आणि थांबली. उत्तराची वाट बघत.

उत्तर कुठून येणार? मागून ट्रक आला आणि त्याने कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. ती दचकली, क्लच सुटला, इंजिन बंद पडलं आणि सामानासकट बाइक दरीच्या बाजूला आडवी झाली. ट्रक बाजूने निघून गेला. तिचा पाय बाइकखाली आणि कठडा हातभर अंतरावर. कितीतरी वेळ ती नुसती पडून राहिली. मग सामान सोडवलं, पाय ओढून काढला, पाठ लावून कशीबशी बाइक उभी केली आणि उलटी फिरून पहिल्या गिअरमध्ये घरी आली.

"झाला का सराव?" आईने विचारलं.

"झाला की. मजा आली," ती म्हणाली आणि कोपर पाठीमागे लपवून बाथरूममध्ये गेली.

आईने धुवायला टाकलेली पॅंट उचलली. गुडघ्यावर कापड फाटलेलं नव्हतं, डांबरावर घासल्यासारखं झिजलेलं होतं. कापड असं कशावर झिजतं, हे आईला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाइकची किल्ली खुंटीवर नव्हती.

लेकीला काय हायसं वाटलं म्हणून सांगू! वरवर तिने सगळं घर डोक्यावर घेतलं. गाद्या उलट्या केल्या, कपाटामागे बॅटरी मारली. फक्त जिथे किल्ली सापडण्याची शक्यता होती, तिथे पाहिलं नाही. कामावर चेहरा पाडून तिने मामांना सांगितलं, "किल्लीच हरवली हो मामा. आता कसलं जाणं!"

"हात्तिच्या! एवढंच ना?" मामा म्हणाले. "आपला एक ओळखीचा आहे किल्लीवाला. उद्या सकाळी त्याला घेऊनच येतो तुझ्याकडे."

ती कशीबशी हसली. आता एकच आशा उरली होती, आईची. आईला खरं सांगायचं, आई 'अजिबात जायचं नाही' म्हणेल, आणि मग आईने अडवलं म्हणून जगाला सांगता येईल.

संध्याकाळी ती मशीनपाशी जाऊन उभी राहिली. "आई, मला भीती वाटतेय."

पायडल थांबलं. "कशाची?"

मग तिने सगळं सांगून टाकलं. वळण, ट्रक, कठडा. मामांचं 'सोड' कसं असतं तेही. "तिकडे मी ओरडले तर उत्तर द्यायला कोणी नाही गं. त्या रेघेवर कोणीच नाही." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

आईने बॉबिनचा डबा उघडला आणि तळातून किल्ली काढून तिच्यासमोर धरली.

"तू लपवलीस?"

"मग काय करू? मरता मरता वाचून आलीस आणि म्हणे मजा आली! अशा पोरीच्या हातात किल्ली देऊ?"

"मग आता कशाला देतेस?"

"आता तू घाबरली आहेस. घाबरलेली पोर वळणावर दोनदा बघेल."

"पण मला नाही जायचं!"

"नाही जायचं?"

ती 'नाही' म्हणायला गेली आणि तो शब्द काही केल्या तोंडातून निघेना. ती सावली, ती वाळू, ते काहीच नसलेलं आकाश. "जायचंय," ती हुंदके देत म्हणाली. "तेच तर झालंय ना!"

"मलाही भीती वाटते," आई म्हणाली. "तुझ्यापेक्षा जास्त. रोज सुई बोटात जातेय माझ्या." तिने बोटं दाखवली. मग तिने झिजलेली पॅंट ओढून घेतली आणि गुडघ्यावर आतून जाड कापड लावायला बसली.

निघायच्या सकाळी गल्लीत अजून वर्दळ नव्हती. तिने इंजिन चालू केलं. आई वर खिडकीत उभी होती. लेकीने मान वर केली आणि ओरडली, "सोडतेय!"

आईने लगेच उत्तर दिलं नाही. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली. गल्लीचं एक टोक बघितलं, दुसरं टोक बघितलं, लेकीचे हात बघितले, पाय बघितले. मग पुन्हा एकदा पहिलं टोक बघितलं. इंजिन धडधडत राहिलं. ब्रेकवरची बोटं दुखायला लागली, पण तिने ब्रेक सोडला नाही.

"सोड!" आई म्हणाली.

तिने ब्रेक सोडला. बाइक हलली. भीती जराही कमी झाली नव्हती. मागून पुन्हा आवाज आला, "सोड!" आणि पुन्हा, अजून मोठ्याने, "सोड! सोड!" तिकडच्या प्रत्येक वळणासाठी आई एकेक देत होती. शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. कोपऱ्यावर ती वळली, आणि घर दिसेनासं झाल्यावरही तिला ते ऐकू येत होतं.