ज्योतिबाअण्णांचा कान म्युनिकला जातो

बेळगावजवळच्या पिरनवाडीचे ज्योतिबाअण्णा बिर्जे मे महिन्यात जर्मनीला गेले, तेव्हा गावाला त्यांनी सांगितलं की पोरीकडं चाललोय. पोरीला सांगितलं की तुमच्या म्युनिकात साऊंडचं मोठं प्रदर्शन भरतंय, ते बघायचंय. ही दोन्ही कारणं खरी होती आणि दोन्ही वरवरची होती. खरं कारण अण्णांच्या दोन्ही कानांत होतं, आणि ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अण्णांची साऊंड सर्व्हिस चाळीस वर्षांची. बेळगाव, खानापूर, निपाणी, तिकडं कागलच्या वेशीपर्यंत लग्न म्हणू नका, बारसं म्हणू नका, प्रचार, जयंती, कुस्त्यांचं मैदान, जिथं चार माणसं जमणार आणि पाचवा बोलणार, तिथं अण्णांचे बॉक्स. कार्डाच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कन्नड, आणि दोन्हीकडची अक्षरं फूटपट्टीनं मोजून सारखी. उगं कुणाचा जीव दुखायला नको. आवाज वर-खाली करायच्या मिक्सरवर बसणार ते अण्णाच. नागेंद्र बावीस वर्षं त्यांच्याबरोबर होता. मूळचा गोकाककडचा. जनरेटर, वायरी, अँप सगळं त्याच्या ताब्यात, कन्नडमधल्या घोषणाही तोच करायचा. पण मिक्सरच्या खुर्चीवर त्यानं कधी टॉवेलसुद्धा टाकला नव्हता.

तर गेल्या साली गणपती होऊन गेल्यावर एका सांजेला अण्णा दारात चहा पीत बसले होते. समोरच्या रानात आता प्लॉट पडलेत. तिकडं बघून अण्णा म्हणाले, "ह्या प्लॉटवाल्यांनी रातकिडं बी संपवलं बघ. एक वरडत न्हाय."

रुक्माबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काय बोलताय? कान किटलं की माझं त्यांच्या किरकिरीनं!"

"चेष्टा केली गं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला. रुक्माबाईंनी तो विषय परत काढला नाही. पण त्या दिवसापासून अण्णांना घोर लागला. पैलवानाचा गुडघा गेला तर तो तालमीत वस्ताद म्हणून तरी बसतो. साऊंडवाल्याचा कान गेला तर त्यानं काय करायचं? मिक्सर दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण खुर्च्यांवरची धूळ झटकत हिंडायचं. या विचारानं अण्णांचं जेवण कमी झालं.

बेळगावात कानाचे डॉक्टर होते की. पण त्यांच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला माईक अण्णांचाच होता. तिथं जाऊन कान दाखवायचा म्हणजे दुपारच्या आत सगळ्या खडेबाजारात बोभाटा. म्हणून अण्णांनी असं ठरवलं, की जिथं जगातले सगळ्यात भारी स्पीकर वाजतात आणि सगळ्यात तिखट कानांची माणसं ऐकायला येतात, तिथं जाऊन त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. त्यांना जे ऐकू येतं ते आपल्याला आलं, तर मिक्सर आपला. नाही आलं, तर उठायचं. कान तपासायला विमानानं जाणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

आरोही ही त्यांची एकुलती एक पोर. म्युनिकला मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. तिनं रजा काढली, प्रवेशाचे पास काढले आणि आप्पांना, म्हणजे अण्णांनाच, घेऊन गेली.

अण्णांची कल्पना अशी, की साऊंडचं प्रदर्शन म्हणजे दोन चौक अलीकडनंच छातीत धडधडायला पाहिजे. इथं आत शिरलं तरी पत्ता नाही. लांबच लांब बोळ, बोळाला खोल्या, खोलीत अंधुक उजेड, गालिचा, वीस-पंचवीस खुर्च्या, आणि समोर कपाटाएवढे दोन स्पीकर. खुर्च्यांवर साठीच्या आसपासचे बाप्ये डोळे मिटून बसलेले. गाणं चालू, पण कुणाचा पाय हालत नाही की मान हालत नाही.

"कोण गेलंय काय गं?" अण्णांनी हळूच विचारलं.

"न्हाय आप्पा. ऐकाय लागल्यात."

"व्हय? मग चेहरे असं का?"

अण्णांनी पुढं होऊन स्पीकरच्या बॉक्सवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. प्लाय कुठला, आतून पट्ट्या मारल्यात की नुसता पोकळ आहे, हे त्यांना तसंच कळतं. काळ्या कोटातला एक माणूस धावतच आला. वडील ह्याच धंद्यातले आहेत, असं आरोहीनं सांगितल्यावर त्याचा जीव थोडा खाली आला, आणि त्यानं जोडीची किंमत सांगितली. आरोहीनं मनात हिशेब केला. "आप्पा, एवढ्यात खासबागेतलं आत्याचं घर येतंय. परड्यासकट."

अण्णांनी आणखी एकदा टकटक केलं. "बॉक्स चांगला हाय," म्हणाले, आणि आपलं कार्ड दिलं. त्या माणसानं कार्ड एका अंगानं बघितलं, उलटून दुसऱ्या अंगानं बघितलं, आणि अदबीनं खिशात ठेवलं.

अशा सात-आठ खोल्या झाल्या. सगळीकडं तीच एक बाई सावकाश गात होती. गाणं कसं होतं ते अण्णांना विचारू नका, कारण त्यांचं गाण्याकडं लक्षच नव्हतं, सगळं लक्ष स्वतःच्या कानाकडं होतं. आवाज येत होता. पण आवाज काय, घरच्या जुन्या रेडिओचाही येतो. शेजारच्याला जे येतंय ते आपल्याला येतंय का, हे कसं कळायचं?

ते वायरीच्या खोलीत कळलं. तिथं एक उंच, पांढऱ्या केसांचा गृहस्थ नुसत्या वायरी विकत होता. अण्णा परदेशचे पाहुणे म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. गृहस्थानं आधी साध्या वायरीवर गाणं लावलं. मग ती काढून कंपनीची वायर जोडली, बैलाच्या दाव्याएवढी जाड, आणि तेच गाणं पुन्हा लावलं. मग दोन्ही हात जोडून विचारलं, की आता बाईचा श्वास मोकळा झाला, आजूबाजूची हवा ऐकू आली, हा फरक कुणाकुणाला जाणवला? त्यांनी हात वर करावा. आरोहीनं आप्पांच्या कानात सगळं मराठीत सांगितलं.

अण्णांना फरक जाणवला नव्हता. नखभरसुद्धा नाही. आणि तरी त्यांचा हात वर गेला, तोही सगळ्यांच्या आधी.

आता हा हात कसा गेला ते सांगायला पाहिजे. आपल्याकडं कार्यक्रमाच्या आधी माईकवाला विचारतो, "मागं ऐकू येतंय काय?" अण्णा मराठीत विचारणार, लगेच नागेंद्र कन्नडमध्ये. पुढचे हात वर करतात. ते बघून मधले करतात. ते बघून मागचे करतात. मागच्याला ऐकू आलं नसेल तर त्याला प्रश्न तरी कुठनं ऐकू येणार? पण हात करतो. पाहुणे ताटकळलेत, आत भात निवायला लागलाय, कुणी खोळंबा करायचा? चाळीस वर्षांत "न्हाय" असं कुणी म्हटलेलं अण्णांच्या ऐकण्यात नाही. आवाज नीट आहे का, असं कुणी विचारलं की हात वर करायचा, ही आपली रीत आहे, आणि ती अण्णांच्या खांद्यात मुरलेली होती.

हात खाली घेऊन त्यांनी मागं वळून बघितलं. खोलीतल्या झाडून सगळ्यांचे हात वर. म्हणजे फरक एकट्या त्यांनाच ऐकू आला नव्हता.

बाहेर बोळात बाकडं होतं, त्यावर ते टेकले. "तुला आला फरक ऐकू?"

"न्हाय," आरोही म्हणाली.

"मग हात का वर केलास?"

"तुम्ही केलासा म्हणून."

पोरगी बापाचं मन राखते आहे, असं अण्णांना वाटलं आणि जास्तच वाईट वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जाडजूड म्हातारा काठी टेकत आला आणि त्याच बाकड्यावर बसला. इटलीचा होता. "ह्याला विचार," अण्णा म्हणाले. "खरं खरं सांग म्हणावं. देवाशप्पथ."

आरोहीनं शपथ वगळून विचारलं. म्हाताऱ्यानं बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की मी तीस वर्षं अँप्लिफायर विकतोय, मला काडीचा फरक कळला नाही. पण पहिल्या रांगेतल्या ह्या भारतातल्या गृहस्थांनी इतक्या झटक्यात हात वर केला, की मला वाटलं, हा कुणीतरी मोठा कानसेन असणार. मग मीही केला.

अण्णा असे हसले, की दोन खोल्यांतली माणसं दार उघडून बाहेर बघायला लागली. आठ महिन्यांचा घोर मिटला. त्यांनी म्हाताऱ्याला कॉफी पाजली, स्वतः दोन प्यायले, आणि आरोहीला सांगून टाकलं, "कान ठणठणीत हाय माझा. मिक्सर सोडायचं काय कारण न्हाय." आठ महिने कानाची काळजी लागलीती, हेही त्या भरात सांगून बसले. आरोहीनं त्यांच्या कपातली साखर ढवळली.

दुपारी मोठ्या सभागृहात एका बाईंचं भाषण होतं. आजूबाजूला घरांच्या किमतीचे स्पीकर, पण भाषणाला मात्र साधे काळे बॉक्स, अण्णांच्या गोदामात आहेत तसलेच. अण्णांना बरं वाटलं. ते ऐसपैस बसले. बाई हातात माईक घेऊन बोलत होत्या, बोलता बोलता स्टेजच्या कडेला, पुढं आल्या.

आणि लोकांचे हात वर गेले. चार-पाचशे माणसं, एकदम. बाईंनी काहीतरी विचारलेलं दिसतंय, अण्णांना वाटलं. खुशीत होतेच, त्यांनीही हात वर केला, चांगला उंच.

वर करून शेजारी बघतात तर आरोहीचे दोन्ही हात कानांवर. डोळे गच्च मिटलेले. पुढच्या माणसानं कॉफी मांडीवर सांडून घेतलीती आणि ती पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता, कारण तोही कानावर होता. सगळ्या सभागृहानं कान झाकलेले. हात वर धरून बसलेला माणूस एकच.

अण्णांनी स्टेजकडं बघितलं. बाई बॉक्सच्या तोंडासमोर उभ्या होत्या, हातातला माईक बॉक्सकडं वळलेला. चाळीस वर्षं हेच केलेलं, बघूनच समजलं. माईक शिट्टी मारत होता. बारीक, लांब, डोक्यातनं आरपार जाणारी असणार, कारण माणसांची तोंडं तशी झालीती. अण्णांना काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं.

आरोहीनं डोळे उघडले. आप्पांचा हात अजून वरच होता. तिनं तो धरून हळूच खाली आणला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

भाषण अर्ध्यावर टाकून दोघं बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. "माझं कान गेलं गं," अण्णा म्हणाले आणि रडले. एकसष्ट वर्षांचा माणूस परमुलखात पायरीवर बसून रडला तर त्यात लाजायचं काही नाही, पण अण्णांना लाज वाटली. त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं.

"वरचा बारीक आवाज तेवढा गेलाय आप्पा. बाकीचा हाय की."

"बाळ, त्यावरच तर सगळं असतंय," अण्णा म्हणाले. "खालचा धडधडाट कुणीबी वाजवील."

रविवारी निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरचं लग्न होतं. अण्णा शुक्रवारी घरी पोचणार होते. पण आज नाही बोललं तर विमानात बसेपर्यंत आपला जीव पुन्हा मिक्सरवर जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी तिथल्या तिथं नागेंद्रला फोन लावला.

"नागेंद्रा, रविवारी मिक्सरवर तू बस."

पलीकडं जनरेटरची घरघर बंद झाली. मग नागेंद्र म्हणाला, "का री अण्णा? तब्बेत बरी न्हाय?"

"मला माईकची शिट्टी ऐकू येत न्हाय. आज कळलं. रविवारी बस, आणि हितनं फुडं तूच बस."

"अण्णा," नागेंद्र म्हणाला, "रागावणार न्हाय तर एक सांगतो."

"सांग."

"अँपच्या रॅकमध्ये एक बारका इक्वलायझर बसवलाय. दोन वर्सं झाली. तुम्ही मिक्सरवर ट्रेबल, वरचा बारीक आवाज, लई चढवताय. लोकांस्नी कान दुखतोय. म्हणून तुम्ही तिकडं चढवला की मी हिकडं उतरवतोय."

दोन वर्षं. अण्णांच्या डोळ्यांसमोरनं दोन वर्षांची लग्नं गेली, मैदानं गेली, आणि हात हातात घेऊन "साऊंड झकास हं अण्णा" म्हणून गेलेली माणसं गेली.

"मला कधी दिसला न्हाय त्यो."

"जनरेटरच्या अंगाला ठेवतोय. तिकडं धूर असतोय, तुम्ही येत न्हाय."

"आणि कुणाकुणाला म्हाईत हाय?"

"निपाणीत कुणाला न्हाय," नागेंद्र घाईनं म्हणाला. बेळगावचं तो काही बोलला नाही.

अण्णांना चीड यायला पाहिजे होती. ते वाट बघत बसले, पण ती येईना. "चोरून आणलास व्हय रं? माझ्या माघारी?"

"मी न्हाय अण्णा. मी कसा आणीन? रुक्मावैनींनी आणाय लावला. सगळ्यांत चांगला आण म्हणाल्या. तुम्हांस्नी कळू द्यायचं न्हाय म्हणून माझ्याकडनं आंबाबाईची शपथ घेतली, आणि आज ती बी मोडली बघा."

अण्णांनी फोन बंद केला आणि हातात धरून बसले. रुक्माबाईंना इक्वलायझर हा शब्द कुणी शिकवला असेल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी बायकोला धंद्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं जाऊन कुणाला तरी विचारलं असणार, चप्पल बाहेर काढून, पदर सावरून, की नवऱ्याचा कान गेलाय, काय लावलं म्हणजे त्याला कळणार नाही? त्यांचे डोळे परत भरले, आणि या खेपेला त्यांनी रुमाल काढला नाही.

"काय म्हणाला नागेंद्रकाका?" आरोहीनं विचारलं.

"बसतो म्हणाला," अण्णा म्हणाले.