घडीच्या डावीकडे

मास्तरांची बायको सौदामिनी पौषात गेली. सात दिवस ताप होता, आठव्या दिवशी संपलं. माघ लागला तसे रेणुकादास मास्तर पुन्हा दर गुरुवारी दुपारी लातूरहून नांदेडची मोटार धरू लागले. लोक म्हणाले, मास्तर सावरले. तसं काही नव्हतं. मोटार यायची, म्हणून ते बसायचे.

नांदेडला दर शुक्रवारी, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी, हैदराबादेहून निवृत्त होऊन आलेले एक प्रोफेसरसाहेब आपल्या ओसरीवर पाच-सहा जणांना युरोपचा इतिहास शिकवत. राजांच्या लढाया नव्हेत. तिकडची देवळं कशी बांधली, चित्रं कुणी काढली, छापखाना आल्यावर काय झालं, असला इतिहास. सगळा उर्दूत. चैत्रात परीक्षा होती. पास झाले तर मास्तरांना लातूरलाच वरचे वर्ग मिळणार होते. नाही तर जळकोटला बदली, असं वरून स्पष्ट कळवलं होतं.

उर्दू ऐकायचं आणि मराठीत, मोडीत उतरवायचं, ही मास्तरांची पद्धत. मोडीत हात फारसा उचलावा लागत नाही, त्यामुळे बोलणाऱ्याच्या मागोमाग जाता येतं. लिहिण्याआधी ते कचेरीतल्या कारकुनांसारखी कागदाला डावीकडे चार बोटं रुंद घडी घालत. लिहीत एकाच बाजूला, कारण लढाईच्या दिवसांतल्या कागदात शाई मागे फुटायची. घडीच्या डावीकडे कोरं राहायचं.

ती जागा सौदामिनीची होती. शनिवारी शाळेतून आल्यावर ते तिला सगळं वाचून दाखवत. ती शेंगा सोलत ऐके. मोडी तिला येत नव्हती. बाळबोध अक्षर मास्तरांनीच लग्नानंतर शिकवलं होतं. मध्येच ती हात पुसून पेन्सिल घेई आणि त्या कोऱ्या जागेत आपला प्रश्न लिही. अक्षर मोठं, ओळ खाली उतरत गेलेली. ‘इतक्या उंचावरच्या रंगीत काचा पुसायचं कोण.’ ‘चित्रवाला चार वर्षं भिंतीवर होता तर त्याच्या घरचं कोण बघत होतं.’

मास्तर आधी हसत. मग उत्तर शोधायला बसत. काचा कोण पुसायचं हे शोधता शोधता देवळाला दान कोण द्यायचं, कारागिरांच्या पंचायती कशा होत्या, सगळं डोक्यात बसून जाई. अडलं तर पुढच्या शुक्रवारी ते साहेबांना विचारत.

“ये सवाल तुम्हारा नहीं है,” साहेब एकदा म्हणाले.

“जी नहीं. घर से आया है.”

“तो घर को मेरा सलाम कहना.”

आता मास्तर सगळं लिहून घेत. एक शब्द सोडत नसत. साहेबांनी मध्येच पानदान मागितलं तर तेही कागदावर उतरे. घरी येऊन वाचलं की काहीच आठवत नसे. सवयीनं घडी मात्र अजून घालत.

विरूपाक्ष उदगीरकडचा, नांदेडच्या कोर्टात कारकून, तोही परीक्षेला बसणारा. मास्तर त्याच्याकडेच मुक्काम करत. फाल्गुनात एकदा त्यानं मास्तरांचा गठ्ठा ठेवून घेतला. सुटे कागद फाटून राहिलेत, म्हणाला. पुढच्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर त्यानं पिशवीतून एक जाड पुस्तक काढलं. लाल कापडाची पाठ, कडा सुरीसारख्या सरळ.

“घ्या मास्तर. लई पक्की जिल्द हाय. बैलगाडी वरून गेली तरी सुटायची न्हाई.”

मास्तरांनी उघडलं. पुस्तक उजवीकडे शिवलेलं होतं, उर्दू किताबांसारखं. डावीकडची कड कापलेली. त्यांनी दुसरं पान उघडलं, मग दहावं, मग विसावं.

“विरूपाक्ष, डावीकडचं कुठंय?”

“काय डावीकडचं?”

“घडीच्या अलीकडचं. पेन्सिलीचं.”

“ते व्हय? मला वाटलं लेकराबाळांनी गिरवलंय.” एवढं म्हणून तो थांबला. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. “मास्तर, वहिनींचं होतं का ते?”

मास्तरांनी जिल्द बांधणाऱ्याचं दुकान विचारून घेतलं. चप्पल घालून निघाले. विरूपाक्ष मागून आला.

जिल्दसाज म्हातारा होता. सगळी हयात त्यानं उर्दू किताबं बांधण्यात घालवलेली. त्यानं पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. “काम में कुछ खोट है क्या, मास्तरसाब?”

“तुकडे कुठं आहेत? कापलेले?”

“घडी थी ना साब. मैं समझा निशान है. निशान पे काटा.” त्यानं कोपऱ्यातल्या चुलीकडं हात केला. तिच्यावर कागद चिकटवायची खळ शिजत होती. “रद्दी सगळी त्याच्यात जाती.”

विरूपाक्ष खाली वाकून चुलीची राख बघू लागला. मास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला उठवलं. जिल्दसाजाला म्हणाले, “शिवण चांगली आहे.” खरंच चांगली होती.

मोटारीपर्यंत विरूपाक्ष सोबत आला. “मला शिव्या तरी द्या हो,” तो म्हणाला.

“कशाला? तू चांगल्यासाठीच केलंस.”

“मग परीक्षेला बसणार ना?”

“बघू.”

चाकूरला मोटार थांबली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं; ड्रायव्हर खाली उतरून मागच्या गॅसच्या भट्टीत कोळसा भरू लागला. मास्तरांनी मांडीवर पुस्तक उघडलं. उंच देवळांचं पान होतं. कापलेल्या कडेला पेन्सिलीची एक बारीक शेपटी उरली होती. कुठल्या अक्षराची, ते कळेना. त्यांनी शेजारचा मजकूर वाचला, शिशाच्या पट्ट्या, रंगीत काचा. मग शेपटी कसली ते कळलं. ‘कोण’मधल्या ‘ण’ची.

समोरच्या पानाची पाठ कोरी होती. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून तिथं बाळबोधीत लिहिलं, ‘इतक्या उंचावरच्या रंगीत काचा पुसायचं कोण.’ अक्षर त्यांचंच होतं. तिच्यासारखं करायला ते गेले नाहीत.

पुढचे पंधरा दिवस शाळेतून आल्यावर ते हेच करत. मजकूर वाचायचा, हिनं इथं काय विचारलं होतं ते आठवायचं, समोरच्या पाठीवर लिहायचं. काही प्रश्न लगेच येत. काही पानांपाशी अर्धा तास बसूनही येत नसत. ती पाठ ते कोरी ठेवून पुढे जात. एक झालं, लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तरही मागून येई, आणि ते लक्षात राहत असे.

शेवटी माघातली पानं आली. इथं जिल्दसाजानं कोराच कागद कापला होता. आठवण्यासारखं काहीच नव्हतं. विषय छापखान्याचा होता. साहेबांचं बोलणं शब्द न शब्द उतरलेलं, पानदानासकट. मास्तरांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं. घरात कुणी शेंगा सोलत नव्हतं.

त्यांनी पानदानाची ओळ खोडली. मग समोरच्या पाठीवर लिहिलं, ‘छापखाना आल्यावर हातानं पोथ्या उतरवणारे दिवसभर काय करत होते.’

उत्तर साहेबांच्या बोलण्यात नव्हतं. मास्तरांनी पुस्तक मिटलं नाही. उद्या गुरुवार होता. दुपारी मोटार होती.