दुर्गाबाईंच्या लुगड्यांची गोधडी

मुकुंदरावांनी दरबारच्या महसूल खात्यात उभी हयात काढली, पण लेखणीहून जड वस्तू उचलल्याची नोंद नाही. सुई लेखणीहून हलकी असते, एवढ्या आधारावर त्यांनी गोधडी शिवायला घेतली.

कारण घरातच होतं. लेक शामला पहिल्या बाळंतपणाला माहेरी, लष्कर गावी आली होती. मुलगी झाली. बारशाला उज्जैनहून सासरची मंडळी यायची होती. त्यांच्यात बाळाला पाळण्यात घालायचं ते आईच्या माहेरच्या गोधडीवर. आणि गोधडी आजीच्या जुन्या लुगड्यांची. पण आजी, म्हणजे दुर्गाबाई, मागल्या पावसाळ्यात वारल्या होत्या. विहीणबाईंनी मोठ्या समजूतदारपणे निरोप धाडला, "आई नाही, तेव्हा गोधडी आम्हीच आणू. उगीच कुणाला त्रास नको."

शामला भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"मी शिवीन," मुकुंदराव म्हणाले.

"रहने दो, बाबा," शामला भिंतीलाच म्हणाली. "इंदरगंजच्या बाजारात रजई मिळते."

"विकत मिळते, म्हणूनच नको."

शेजारच्या विजयाबाई शिकवायला आल्या. त्यांचे यजमान रिसाल्यात होते, त्यामुळे हुकूम सोडायची सवय घरात दोघांनाही होती. मुकुंदरावांनी दुर्गाबाईंची पेटी उघडली, एका हातात लुगडं घेतलं, दुसऱ्यात कात्री, आणि बराच वेळ दोघांची नुसती ओळख करून दिली.

"कात्री ठेवा, भाऊजी. हातानं फाडा. जुनं सूत सरळ फाटतं."

"फाडू?"

"नेसणारी आता येत नाही. निजणारी आली आहे."

पहिलं हिरवं लुगडं टर्रकन फाटलं, तसे मुकुंदराव उठून बाहेर गेले. फाटकाला कडी आहे का, ते पाहून आले. होती.

मग त्यांनी फूटपट्टीनं रेघा आखल्या. टाके रेघांना न जुमानता गेले. काही मुंगीएवढे, काही झुरळाएवढे.

"ही ओळ कुठं निघाली? गाव सोडून मुरारला?" विजयाबाईंनी विचारलं.

"हद्दीचा वाद आहे, वहिनी. निकालात निघेल."

निकाल लांबला. बारशाच्या दुपारी दाराशी टांगा थांबला, तेव्हा एक कोपरा उघडाच होता. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, गुरुजी मुहूर्ताच्या घटका मोजत होते. विजयाबाईंनी पोळीचा चतकोर आणून दिला. गोधडीचं पोट रिकामं शिवायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मुकुंदरावांनी मांडी घालून, गोधडी मांडीवर ओढून, तो चतकोर आत सारला, कोपरा मिटवला, गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि ते उठले.

गोधडीही उठली.

"थांबा!" विजयाबाईंनी कड उलटून पाहिली. "धोतर घेतलंत सोबत. अख्खी शेवटची ओळ. आता उसवा."

"उसवायला किती वेळ?"

"शिवायला लागला तेवढा."

बाहेर विहीणबाईंचा आवाज आला. त्यांच्या काखेत गाठोडं होतं, व्यवस्थित बांधलेलं. ओसरीवरून शामला बाळाला घेऊन बापाकडे बघत होती.

"टाक्यांना हात लावू नका," मुकुंदराव म्हणाले. "धोतर कापा."

"भाऊजी, नवं आहे."

"कापा म्हणतो ना!"

कात्री या वेळी चालली. मुकुंदराव कमरेला शाल गुंडाळून दाराआड गेले. एकंदरीत अब्रू वाचली, असं त्यांचं मत होतं.

विहीणबाईंनी गोधडी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं, मुरारच्या ओळीपाशी थबकल्या. मग पालथी केली. हिरव्या-जांभळ्या लुगड्यांच्या कडेला पांढरं शुभ्र तिरपं धांदोटं लोंबत होतं.

"हे काय?"

विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"ते बाबा आहेत," शामला म्हणाली.

विहीणबाईंनी दाराकडे पाहिलं. शालीखाली पोटऱ्या दिसत होत्या. त्यांनी काखेतलं गाठोडं, गाठ न सोडताच, कोनाड्यात ठेवलं, पांढरं धांदोटं आत दुमडलं आणि गोधडी स्वतः पाळण्यात अंथरली.

"आणा मुलीला."

विजयाबाई दाराशी येऊन कुजबुजल्या, "भाऊजी, दुसरं धोतर नेसा जा. शोभत नाही."

"जातो," मुकुंदराव म्हणाले. "आधी निजते का पाहू द्या."