मुक्ताईचं उणं

पूर्णिमा सभेच्या तासभर आधी आली, ती कपाटासाठी.

नारायण पेठेतल्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत एकच कपाट होतं. हिरवं, लोखंडी, उघडताना कण्हणारं. घरकामगार बायकांच्या संघटनेचा सगळा संसार त्यात कोंबलेला. तिसऱ्या कप्प्यात, मागच्या बाजूला, आईच्या हातची ‘किरकोळ’ लिहिलेली फाईल होती. तिनं ती दोनदा चाळली. फाईल होती. कागद नव्हता.

“काय शोधतीस गं?”

रतनमावशी दारात उभी होती, हातात केरसुणी.

“काही नाही मावशी. आईचा एक फोटो.”

“फोटो लावलाय की भिंतीवर. एवढा मोठा.” मावशी वाकली आणि झाडू लागली. “पाय वर घे.”

स्टुलावर बसल्या बसल्या पूर्णिमानं पाय उचलले. बावीस वर्षं ही बाई ही खोली झाडत होती. सभेच्या आधी झाडायची, सभेनंतर झाडायची, मधे चहा करायची. पेठेत तिला दुसरं काम कुणी दिलं नाही. ते का, हे पूर्णिमाला माहीत होतं. आईला माहीत होतं. आई जाऊन तेरा दिवस झाले होते.

भिंतीवर आईचा, साऱ्या बायकांच्या मुक्ताईचा फोटो, झेंडूचा ताजा हार. शेजारी सरोजिनीबाईंचा, चंदनाच्या हारातला. ही खोली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरोजिनीबाईंनी दिली. त्याआधी आई नदीकाठच्या घाटावर बायकांना जमवायची. कुणी हटकलं की उठायचं, पुन्हा बसायचं. मग सरोजिनीबाईंकडची सोन्याची पाटली हरवली. काम करणारी रतन. बाई म्हणाल्या, चौकीवर जाते. आईनं दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात बायका उभ्या करायचं ठरवलं. त्याच संध्याकाळी बाईंचं बोलावणं आलं. आई एकटीच वर गेली. घरी येऊन म्हणाली, “पुन्नू, तुझं अक्षर चांगलं आहे. बस, लिही.”

पूर्णिमा सोळा वर्षांची होती. सुंदर अक्षराचं बक्षीस नुकतंच मिळालेलं. तिनं दोन प्रती काढल्या, निळ्या शाईत, समास सोडून. आईनं रतनला बोलावलं. “तू आपखुशीनं काम सोडलंस, असं लिहिलंय. चौकीबिकी सगळं मिटलं. कर अंगठा.” रतननं केला. मुक्ताईनं पुढं धरलेल्या कागदावर ‘विहिरीत उडी घे’ असं लिहिलं असतं तरी तिनं अंगठा केला असता. कागदावर लिहिलं होतं की पाटली मी चोरली.

महिन्याभरात खोलीची किल्ली मिळाली. दिवाळीत पाटली सापडली, बाईंच्या लेकीच्या लॉकरमध्ये. आईनं कागद परत मागितला नाही. खोली हातात होती, आणि खोलीत बायका होत्या.

आता कोपऱ्यात नवी पाटी टेकून ठेवली होती, पांढऱ्यावर तांबडी अक्षरं: ‘मुक्ताई सभागृह’. सभा झाली की दारावर चढवायची. पूर्णिमाला एवढंच हवं होतं. पाटी चढेपर्यंत कागद कुणाच्या हाती लागू नये.

दोन वाजता बायका आल्या. सकाळची घरं आटोपून, संध्याकाळच्या भांड्यांआधी, दोन ते चार ही त्यांची वेळ. दाटीवाटीनं बसल्या. आनंदकाका रजिस्टर घेऊन दाराशी. बँकेतून निवृत्त झालेला हा एकटा पुरुष पंधरा वर्षं संघटनेचं लिखाण सांभाळत होता. रतनमावशीनं गळा मोकळा केला आणि मुक्ताईनं रचलेली ओवी लावली. सभा त्या ओवीनंच सुरू व्हायची.

लोकांची घासली भांडी, चांदीवानी लखलखली,
त्यात दिसलं माझं तोंड, मीच मला ओळखली.

चाळीस गळे मागोमाग वर गेले. कुणी पदर डोळ्याला लावला. मग गप्प झाल्या, कारण या संघटनेत गेलेल्या माणसाची स्तुती करत नसत. तो मुक्ताईचाच नियम. पहिली कार्यकर्ती गेली तेव्हा पुढारी येऊन तिला देवी म्हणून गेले होते. मुक्ताई म्हणाली होती, “देवी केली की उदबत्ती लावायची आणि घरी जायचं. तिचं उणं सांगा. काय राहिलं, काय चुकलं. आणि ते पुढं कोण घेतं, तेही सांगा.” तेव्हापासून प्रत्येकीचं उणं मांडायचं. दुसरीनं ‘ते मी घेते’ म्हणायचं. रजिस्टरात समोरासमोर दोन रकाने. शेवटचं उणं घरच्यांचं, आणि तेही कुणी घेतल्याशिवाय उठायचं नाही.

लोणी काळभोरची शेवंता पहिली उठली. “लोणीला यीन यीन म्हणली, तीन वरसं. आली न्हाई. तिकडल्या बायका अजून बिनकार्डाच्या हायत.”

“ते मी घेते,” मागून आवाज आला. आनंदकाकांनी लिहिलं.

“चिडली की तोंडाचा पट्टा सुटायचा. मोर्च्यात सगळ्यांदेखत मला बिनडोक म्हणाली होती.”

“ते कोण घेणार गं?”

“मी घेते की. मला आधीपासनं येतंय.”

खोली हसली. आनंदकाकांनी चष्मा पुसला. “माझंही लिहितो. मुक्ताबाईंनी एकही सभा वेळेवर सुरू केली नाही. आजची झाली. कारण उघड आहे.” पुन्हा हसू, आणि हसता हसता दोघी-तिघींना रडू आलं.

उणी अशीच येत गेली. जेवायची नाही. औषध घ्यायची नाही. गोड उणी, खोबऱ्याच्या वडीसारखी. पूर्णिमा ऐकत होती आणि तिचे खांदे एकेक इंच खाली येत होते. सगळ्यांचं झालं. रतनमावशी राहिली.

“रतनबाई?”

“माझं पोरीच्या तोंडून सांगते.”

“शेवटचं घरच्यांचं असतं. आधी तुमचं.”

“एकच हाय आमचं दोघींचं.” मावशीनं चोळीतून चार घड्यांचा कागद काढला. “मला कुठं वाचता येतं, काका? माझा तर अजून अंगठा. हिचं अक्षर हाय म्हणत्यात. ही वाचंल.”

निळी शाई. समास. ‘र’ला काढलेली ती गोलाई, तिची स्वतःची. पूर्णिमा उभी राहिली. चाळीस तोंडं तिच्याकडं वळली, आणि मागून आईचं, फोटोतलं, हार घातलेलं. कोपऱ्यात पाटी.

“मी, रतन,” ती म्हणाली, “सरोजिनीबाईंकडचं काम आपखुशीनं सोडत आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.”

सहज आलं. अडखळली नाही. बायका ऐकून माना हलवू लागल्या.

“म्हणजे चांगलंच केलं की मुक्ताईनं,” शेवंता म्हणाली. “यात उणं काय?”

“पुन्यांदा वाच गं,” मावशी म्हणाली.

“मी, रतन, सरोजिनीबाईंकडची नोकरी आपखुशीनं सोडत आहे...”

“मगाशी काम म्हणलीस.”

“हो. तेच. काम.”

“कागदावर एकच असंल की.” मावशीनं हात पुढं केला. पूर्णिमानं कागद सोडला नाही. क्षणभर दोघींच्या बोटांत तो ताणला गेला, मग तिनं सोडला.

मावशी खाली बसली. कागद मांडीवर पसरला. अंगठ्याजवळचं बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं, बारीक तांदूळ निवडताना ठेवतात तसं.

“स-रो-जि-नी-बा-ईं-च्या क-पा-टा-त-ली,” ती वाचू लागली. “सो-न्या-ची पा-ट-ली... मी... चो-र-ली.” बोट खाली सरकलं. “चू-क क-बू-ल... क-र-ते.”

खालचा जांभळा ठिपका तिनं वाचला नाही. त्यावर नुसता अंगठा ठेवून पाहिला.

“तुम्हाला वाचता येतं?” आनंदकाकांचा आवाज फुटला.

“येतं की. हितंच शिकले.” मावशीनं फळ्याकडं हनुवटी केली. “मुक्ताई तुमा समद्यांना फळ्यापुढं बसवायची. मला म्हणायची, रतन, चहा टाक. रोज. रोज चहा. मला वाटायचं, माझ्या हातचा आवडतो.” ती थोडी हसली. “ओट्यापासनं फळा दिसतो. दूध उतू जाईस्तोवर एक अक्षर व्हायचं. सहा वरसं लागली. मग कपाट पुसताना फाईल हाताला लागली.”

“कधी?” पूर्णिमानं विचारलं. विचारायचं नव्हतं.

“तेरा वरसं झाली.”

“मग बोलली का नाहीस? आईला?”

“मी कशाला बोलू? तिची बारी हुती. दर वर्साला कुणी ना कुणी मरायचं, सभा भरायची. मुक्ताई हितं बसून म्हणायची, लाजू नका, उणं सांगा. मी चहा घिऊन दारात उभी. वाटायचं, आज बोलंल. आज बोलंल.” तिनं कागदाची घडी घातली. “दवाखान्यात शेवटचं पाणी मी पाजलं. तवाबी म्हणली, रतन, खोलीची काळजी घे.”

कुणीतरी हुंदका दिला. मावशीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

“पोरगी लिहिती हुती तवा लहान हुती. म्हणलं, तिला एकवार वाचायला देऊ. खरं वाचलं असतंन् तर कागद चुलीत घातला असता. पाटी मीच धरली असती वर.”

मावशीनं डोळे मिटले आणि कुणी न सांगता, नेहमीच्याच गोड गळ्यानं, नवी ओवी लावली. ही मुक्ताईची नव्हती.

आमच्या दारीची बोर, बोरं लागली दाट गं,
सयांच्या ओटीत बोरं, माझ्या पायात काटं गं.

मागोमाग उचलायची सवय असलेले चाळीस गळे गप्प राहिले.

“हे माझं उणं. म्हणजे मुक्ताईचं,” ती म्हणाली. “लिवा काका. कोण घेतं?”

आनंदकाकांचं पेन दुसऱ्या रकान्यावर थांबलं. हे घ्यायचं म्हणजे चारचौघांत, पेठेतल्या दारोदार, सांगायचं की रतन चोर नव्हती आणि मुक्ताईला ते माहीत होतं. मग खोली कशी आली हेही सांगायचं. बाईंची माणसं अजून वरच राहत होती. बायका चटईच्या काड्या मोजू लागल्या. शेवंता फोटोकडं बघत होती, कुठल्या ते कळत नव्हतं.

“मी घेते,” पूर्णिमा म्हणाली.

“तू नको.” मावशीनं मान वळवली नाही. “दुसरी कोण?”

कुणी नाही. भिंतीवरचं घड्याळ चाराकडं सरकलं. रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला. नियम असा की उठायचं नाही. आणि वर, शेजारी, पलीकडच्या बोळात, साऱ्या पेठेत सिंकमध्ये दुपारची भांडी पडलेली. चार वाजले. पाच मिनिटं झाली. एकीनं गुडघा हलवला.

“जावा गं,” मावशी म्हणाली. “मालकिणी खोळंबल्या असतील तुमच्या.”

त्या उठल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा, कुणी घेतल्याशिवाय. जाताना रजिस्टरात सह्या करत गेल्या. कुणी मावशीच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी तेही नाही. आनंदकाकांनी सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. मावशीनं तो बाजूला सारला, पेन घेतलं, जीभ दातांत धरून लिहिलं: रतन. काका चपला घालून गेले.

खोलीत दोघी उरल्या आणि दोन फोटो. पूर्णिमा रजिस्टरापाशी गेली. शेवटच्या ओळीत डाव्या रकान्यात उणं होतं, उजवा रिकामा. तिनं पेन उचललं आणि तिथं आपलं नाव लिहिलं. पूर्ण, समास सोडून.

मावशी येऊन वाकली. बोट ठेवून वाचलं. “पू-र्णि-मा.”

मग पेन तिच्या हातातून काढून घेतलं आणि त्या नावावर एक रेघ मारली. सरळ, एका दमात.

“अक्षर अजून तसंच हाय गं तुझं,” ती म्हणाली. “मोत्यावानी.”