पाणीबाळाची पेटी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, की तुम्ही आज सकाळीच जन्मलात, आणि तेही ठरल्या वेळेच्या बरेच आधी. तुमची मूठ आईच्या अंगठ्याएवढी आहे. तुम्हाला थंडी वाजते, पण सांगता येत नाही. कुडकुडण्याएवढीही ताकद अंगात नाही. अशा वेळी तुम्हाला एका काचेच्या पेटीत ठेवतात. ती पेटी तुमच्या अंगाची ऊब मोजते आणि कमी पडेल तेवढी देते.

उघडा आता डोळे. मी तशीच एक जुनी पेटी आहे. पण माझ्यात एकही बाळ कधी झोपले नाही.

मला घडवले ते दवाखान्यात पाठवण्यासाठी नव्हतेच. माझ्यासारख्या पुष्कळ पेट्या एका लहानशा कारखान्यात तयार होत. त्यांना किती ऊब द्यायची हे ठरवतो एक प्रोग्रॅम, म्हणजे यंत्राला पायरीपायरीने दिलेल्या सूचना. नवा प्रोग्रॅम आधी माझ्या पोटात घालायचा आणि मी नीट वागते का ते पाहायचे, एवढ्यासाठी मला मागे ठेवलेले. बाळाच्या जागी माझ्यात पाण्याने भरलेली रबरी पिशवी निजवत. तिला एक बारीक तार चिकटवत, आणि पिशवी किती गरम आहे याचा आकडा माझ्या काचेवर उमटे. माझ्या बहिणी बाळे सांभाळायला जात आणि मी पाणी सांभाळत बसे. कधीकधी वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू!

आमच्याकडे कामाच्या तीन खोल्या होत्या. एकीत काय करायचे ते ठरे, दुसरीत प्रोग्रॅम लिहिला जाई आणि तिसरी माझी, तपासणीची. प्रत्येक दारावर पुठ्ठ्याच्या दोन पाट्या. बाहेरच्या पाटीवर लिहिलेले असे, 'आत आणण्यापूर्वी', आणि आतल्या पाटीवर, 'बाहेर नेण्यापूर्वी'. खाली अटी. बाहेरच्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय काम खोलीत शिरायचे नाही, आणि आतल्या पुऱ्या झाल्याशिवाय खोलीतून हलायचे नाही. या पाट्या लिहिल्या होत्या तपासणी करणाऱ्या काकांनी. कोणी घाई केली की ते हात वर करून "थांबा" म्हणत, म्हणून सगळे त्यांना थांबाकाकाच म्हणत. त्यांच्या तोंडावरसुद्धा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंची एक मुलगी होती. गोल, काळ्याभोर डोळ्यांची. तिला सगळे बटण म्हणत. शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर येई आणि माझ्या खोलीत खिडकीपाशी चित्रे काढत बसे. एकदा तिने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "काका, दाराला एवढ्या अटी कशाला हो?"

काका डबा उघडत होते. ते म्हणाले, "जेवायला बसण्याआधी हात धुतलेले हवेत, आणि उठण्याआधी ताट रिकामं हवं. हो की नाही?"

"हा तर आमच्या आईचा नियम आहे!"

"मग आईकडूनच चोरला असेन. बरं, ये जेवायला. हात धुतलेस?"

"हो."

"दाखव."

बटणने तळवे पुढे केले. निळा रंग मनगटापर्यंत होता. काका हसले नाहीत. "धुतले का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. म्हणून मी म्हणतो, दाखव." बटण जीभ चावून नळाकडे पळाली.

त्या थंडीत एका दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा निरोप आला होता. लांबून आणलेली बाळे अगदी गारठून येतात, त्यांना लवकर ऊब देईल अशी पेटी हवी. बटणच्या आईने त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्या दिवसांत ती हसायची विसरली. जेवताना घास हातात धरून समोर बघत राही. बटण काही विचारायला गेली की म्हणे, "थोडं थांब हं, राणी." शेवटी प्रोग्रॅम तयार झाला. चाचणी पार पडली, की नवी पेटी दुपारच्या गाडीने दवाखान्यात जायची होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी खोली गार होती. पिशवी रात्रीपासून माझ्या शेजारी टेबलावर होती. पाटीवर पहिलीच अट होती, 'पिशवी रात्रभर खोलीत ठेवलेली असावी'. म्हणजे ती थंड होईल आणि गारठलेल्या बाळासारखी वागेल, असा काकांचा विचार. काका चहाला गेले होते. बटणने पिशवीला बोट लावले आणि झटकन काढून घेतले.

"अगं बाई, किती गार पडलंय पाणीबाळ!" ती पुटपुटली. पिशवीला हे नाव तिनेच दिले होते. तिने आपला लोकरी स्वेटर काढला, त्यात पिशवी गुंडाळली आणि खिडकीतल्या उन्हात मांडीवर घेऊन बसली. पिशवीला थोपटत ती काहीतरी गुणगुणत होती. जिन्यात पावले वाजली तशी तिने पिशवी परत जागेवर ठेवली. यात तिला काही चुकल्यासारखे वाटले नाही. का वाटावे?

काकांनी पाटी वाचली. पिशवी रात्रभर खोलीत होती? होती. त्यांनी तिला माझ्यात निजवले आणि कळ दाबली. मित्रांनो, पिशवीचा पहिला आकडा मी त्याच क्षणी माझ्या काचेवर दाखवला. पण तो वाचा, असे कोणत्याच अटीत लिहिलेले नव्हते. विचारल्यावाचून मला बोलता येत नाही.

पिशवी पाहता पाहता हवी तेवढी उबदार झाली आणि तिथेच थांबली. काकांनी कारखान्याच्या साहेबांना आणि बटणच्या आईला बोलावले. "थंडगार पाण्यापासून इतक्या लवकर, आणि तसूभरही जास्त नाही," ते म्हणाले. साहेबांनी गाडी मागवली. बटणच्या आईने दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि हात काढले तेव्हा ती हसत होती.

'थंडगार' हा शब्द ऐकून बटण मात्र जागच्या जागी थिजली. मी तिला अगदी समोरून पाहत होते. तिची नजर आईच्या हसण्यावर जाई, तिथून स्वेटरवर, आणि पुन्हा आईकडे. किती दिवसांनी आई हसली होती! शेवटी तिने आईचा नाही, काकांचा सदरा ओढला.

"काका, ते थंड नव्हतं."

"कोण गं?"

"पाणीबाळ. मी त्याला स्वेटरात घेऊन बसले होते. उन्हात. खूप वेळ."

"अहो, पोरीचं काय मनावर घेता!" साहेब म्हणाले. "गाडी येतच असेल."

"थांबा."

"झालं! आता हे थांबले म्हणजे संध्याकाळ."

काकांनी माझ्या काचेवरचे आकडे मागे नेले, अगदी पहिल्या आकड्यापर्यंत. तो वाचून ते खुर्चीत बसले. "हिला मी हात दाखव म्हणालो," ते हळू म्हणाले, "आणि पिशवीला मात्र दाखव म्हणालो नाही. पिशवी रात्री कुठे होती ते विचारलं. ती आत्ता कशी आहे, ते विचारलंच नाही."

"काका, थोडीशीच कोमट होती ना?" बटणच्या आईचा आवाज थकलेला होता. "एवढ्यानं काय फरक पडणार?"

"नसेलही पडत. पण ते आपल्याला ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही, म्हणजे चाचणी झालीच नाही."

पिशवीत नवे गार पाणी भरले. या वेळी काकांनी पहिला आकडा मोठ्याने वाचला आणि मगच कळ दाबली. सकाळच्या कोमट पिशवीत जी थंडी नव्हतीच, ती आता ओळखताच प्रोग्रॅमने मला सगळी ऊब एकदम सोडायला लावली. पिशवी भराभर गरम झाली. ठरलेल्या उबेच्या खुणेपाशी आली, आणि थांबली नाही. मी थांबायला पाहत होते, पण हुकूम मानण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते. माझा धोक्याचा लाल दिवा लागला. पाण्याला भाजत नाही, मित्रांनो. पण त्या पेटीत पाणी निजणार नव्हते.

साहेब स्वतः जिना उतरून गेले आणि गाडी रिकामी परत पाठवली.

बटण आईकडे वळली. "आई, मी तुझं बिघडवलं."

आईने तिला जवळ ओढले. "अगं, ते बिघडलेलंच होतं. तू ते दाखवलंस." आणि मग दोघीही रडल्या. काका खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्याच दिवशी काकांनी दारावरची पाटी काढली. आपल्याच हाताने लिहिलेली ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'पिशवी आत्ता किती गार आहे? आकडा वाचून दाखवा.'

आता मी म्हातारी झाले आहे. माझ्याहून शहाणी पेटी आली, तसे मला कोपऱ्यात सरकवले. माझ्या काचेवर धूळ आहे, एक झाकण नीट लागत नाही, आणि हल्ली माझ्यावर लोक कोट टाकतात. त्याचे मला दुःख नाही. एकच मागणे आहे. काम सुरू करताना आणि संपवताना दारात क्षणभर थांबत जा, आणि 'झाले असेल' यावर विसंबू नका. डोळ्यांनी पाहा. तुमच्या कामाच्या पलीकडच्या टोकाला एखादे फार लहान कोणी असते, आणि त्याला बोलता येत नाही.

पण बटणचे पुढे काय झाले, हे राहिलेच. तिच्या आईने प्रोग्रॅम सुधारला. पुन्हा चाचणीची सकाळ आली. पिशवी टेबलावर गार पडून होती आणि बटण स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिने पिशवीला बोटही लावले नाही. आकडा वाचला गेला, चाचणी झाली, पिशवी खुणेवर आली आणि थांबली. माझा लाल दिवा लागला नाही. सगळे दवाखान्याला फोन करायला धावले. काका तेवढे आतली पाटी वाचत मागे राहिले.

बटण उठली. नळावर जाऊन तिने हात धुतले आणि काकांसमोर दोन्ही तळवे धरले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, मान हलवली. मग माझी बाजूची खिडकी उघडून तिने आत हात घातला आणि उबदार पाणीबाळाला हळूच थोपटले.